जांबवान बल्लूला भेटला तर—

चाळिशीच्या घरांत आलेला, दोन मुलांचा बाप असलेला मुलगा सुटीच्या दिवशीं पोरांच्या शेजारीं मांडी घालून तीस वर्षांपूर्वींचीं कार्टुनें पुन्हां पाहत बसतो, याला काय म्हणावें, असा प्रश्न आमच्या वयाच्या मंडळींत हल्लीं वारंवार ऐकूं येतो. विचारणाराच्या स्वरांत थोडा उपहास असतो आणि थोडी काळजीहि असते. "अजून पोरपण गेलें नाहीं," एवढें म्हणून बहुतेक घरांत हा विषय संपतो. आम्हांस मात्र तो इतक्या स्वस्तांत सोडून देण्याजोगा वाटत नाहीं. ज्या चित्रकथांच्या संगतींत आपलीं मुलें वाढलीं, त्यांकडे तीं प्रौढपणीं पुन्हां कां वळतात, आणि वळल्यावर तेथें त्यांना काय सांपडतें, याचा विचार वडीलधाऱ्या माणसांनीं केला पाहिजे. त्याच ओघांत मुलांच्या आणखी एका खेळाचाहि विचार येतो. तो खेळ म्हणजे एका कथेंतील पात्र उचलून दुसऱ्या कथेंत नेऊन सोडण्याचा. इंग्रजींत त्यास क्रॉसओव्हर म्हणतात. आम्ही त्यास कथासंगम म्हणूं.

ज्या मालिकांविषयीं बोलावयाचें त्यांची प्रथम थोडी ओळख करून देतों. १९९० नंतरच्या दशकांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांची रविवारची सकाळ दूरदर्शनपुढें जात असे. १९९३ च्या सुमारास 'जंगल बुक' ही मालिका हिंदींतून दाखविली जाऊं लागली. ती मूळची जपानी. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेनें १९८९ सालीं ती काढली आणि तिचे एकंदर ५२ भाग झाले. हिंदी शीर्षकगीत गुलजार यांचें, त्याची चाल विशाल भारद्वाज यांची, आणि शेरखानास आवाज दिला तो नाना पाटेकर यांनीं. त्याच दशकांत डिस्ने कंपनीच्या 'डकटेल्स' (१९८७) व 'टेलस्पिन' (१९९०) या दोन मालिकाहि दूरदर्शनवर हिंदींत आल्या. पहिलींत स्क्रूज नांवाचें कोट्यधीश बदक आणि त्याच्या पदरीं पडलेलीं पोरें. दुसरींत विमान चालविणारें बल्लू नांवाचें अस्वल.

मोगलीची मूळ कथा रुडयार्ड किपलिंग याची. हा १८६५ सालीं मुंबईस जन्मला. त्याचे वडील तेथील जे. जे. कलाशाळेंत अध्यापक होते. 'जंगल बुक' १८९४ सालीं निघालें आणि त्याचा दुसरा भाग १८९५ सालीं. या गोष्टी बहुतांशीं त्यानें अमेरिकेंतील व्हरमाँट प्रांतांत राहत असतां लिहिल्या. पण त्या घडतात मात्र आपल्या नागपूरच्या उत्तरेस, सिवनीच्या डोंगरांत. मुंबईस जन्मलेल्या इंग्रजानें अमेरिकेंत बसून लिहिलेली, सिवनीच्या रानांतली ही कथा जपानी चित्रकारांच्या हातून फिरून, हिंदी बोलत, आपल्या माजघरांत आली.

आतां मुलांच्या डोळ्यांना जें दिसलें नाहीं आणि प्रौढांच्या डोळ्यांना जें दिसतें, तें पाहूं. किपलिंगचा बल्लू हा शाळामास्तर आहे. लांडग्यांच्या पिलांना रानाचा कायदा शिकविणें हें त्याचें काम. मोगलीकडून तो पक्ष्यांचे, सर्पांचे आणि शिकारी जनावरांचे परवलीचे शब्द घोकून घेतो, आणि चुकल्यास दोन चापट्याहि देतो. बघीरा रागावून म्हणतो, पोर लहान आहे. त्यावर बल्लूचें उत्तर असें कीं, रानांत लहान म्हणून कोणी कोणाला सोडीत नाहीं, म्हणूनच हें शिकवणें. छडीचें समर्थन आम्ही करीत नाहीं. पण पुढें काय होतें तें ध्यानांत घ्यावें. वानरें मोगलीला पळवून ओसाड नगरींत नेतात, तेव्हां वाटेंत आकाशांतल्या घारीला तो पक्ष्यांच्या शब्दानें हांक मारतो, आणि नागांनीं भरलेल्या पडक्या घुमटींत कोंडला गेल्यावर सर्पांच्या शब्दानें जीव वांचवितो. मूल ही गोष्ट पाहतें तेव्हां त्याला वानरांची धांवपळ आणि अजगराची लढाई दिसते. स्वतः बाप झालेला माणूस तीच पाहतो, तेव्हां त्याला बल्लूची भीति दिसते. पोर आपल्या नजरेआड गेल्यावर आपण शिकविलेलें त्याला ऐन वेळीं आठवेल कीं नाहीं, ही भीति.

स्क्रूजचेंहि तसेंच. हें पात्र कार्ल बार्क्स या चित्रकारानें १९४७ सालीं निर्माण केलें. मुलांना त्याचा नाण्यांचा हौद आणि त्यांतील त्याची बुडी आठवते. मोठेपणीं दिसतें तें त्याचें घर. डोनाल्ड हा त्याचा भाचा आरमारांत भरती होतो आणि आपले तीन भाचे या मामाच्या गळ्यांत बांधतो. म्हणजे भाच्याचे भाचे! त्यांच्या जोडीला पोरें सांभाळणारी बाई, त्या बाईची नात, घरचा जुना चाकर आणि धांदरट वैमानिक. रक्ताचीं आणि बिनरक्ताचीं अशीं हीं सगळीं माणसें एका छपराखालीं राहतात, भांडतात, आणि संकट आलें कीं एकत्र निघतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या मुलांना हें परकें बदक आपलें कां वाटलें, याचा उलगडा आम्हांला येथें होतो.

परंतु हें पुन्हां पाहणें नेहमींच सुखाचें असतें असें नाहीं. आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त परदेशीं असतात. मागील दिवाळींत ते घरीं आले असतां मुलांबरोबर 'जंगल बुक' पाहत होते. मध्येंच उठून ते म्हणाले, "बाबा, लहानपणीं शेरखानाची फजिती झाली कीं आम्ही टाळ्या पिटत असूं. आतां मोगली माणसांच्या वस्तीकडे निघतो तो भाग मला बसून पाहवत नाहीं." त्यावर घरांत कोणीच कांहीं बोललें नाहीं. आमच्या सौभाग्यवतींनीं चहाचें आधण ठेवलें.

किपलिंगच्या दुसऱ्या भागांत ही ताटातूट सविस्तर आली आहे. मोगली सतरा वर्षांचा होतो. वसंत येतो आणि त्याला रानांत करमेनासें होतें. त्याला कोणीं हांकलून दिलेलें नसतें; त्याचें मनच त्याला बाहेर काढतें, आणि वृद्ध अकेलानें मरतांना हें भाकीत करून ठेवलेलें असतें. बल्लूचे डोळे आतां जवळ जवळ गेलेले आहेत, तरी तो त्याला जावयास सांगतो. ज्या बैलाच्या मोलावर मोगली टोळींत घेतला गेला होता, तसा दुसरा बैल मारून बघीरा त्याचें ऋण फेडून टाकतो. आणखी एक कथा मुलांना सहसा कोणी दाखवीत नाहीं. ती १८९३ सालीं, म्हणजे या पुस्तकांच्याहि आधीं छापली गेली. तींत मोठा झालेला मोगली जंगलखात्यांत रखवालदाराची नोकरी पत्करतो आणि त्यास पगाराचें व पेन्शनचें आश्वासन मिळतें. रानाचा धनी सरकारचा पगारी नोकर होतो! किपलिंग हा साम्राज्याचा कैवारी होता, आणि या शेवटांत त्याला कांहींच वावगें दिसलें नाहीं. आपल्याला दिसतें. प्रौढ दृष्टीनें पाहणें याचा अर्थ हाहि आहे.

चित्रें पाहून मन ढवळून निघतें हें आपल्या कवींना चांगलें ठाऊक होतें. भवभूतीच्या उत्तररामचरिताच्या पहिल्याच अंकांत लक्ष्मण राम-सीतांना त्यांच्याच गतायुष्याचीं चित्रें दाखवितो. चित्रांतली शूर्पणखा पाहून सीता दचकते. हें केवळ चित्र आहे, असें रामाला सांगावें लागतें. जनस्थानाचीं चित्रें येतात तेव्हां रामाचेच डोळे भरून येतात. तीं चित्रें पाहतां पाहतां सीतेला त्या वनांत पुन्हां एकदां जावें असें डोहाळे होतात, आणि तीच इच्छा पुढें तिच्या त्यागाचें निमित्त होते. भवभूतीनें या प्रसंगाला नाटकाचा पाया केलें, तें उगाच नव्हे. जुनीं चित्रें पाहणारा मनुष्य केवळ मागें जात नाहीं. आज आपण कोठें उभे आहों तेंहि त्याला त्यांत दिसतें. आमच्या चिरंजीवांचें तसेंच झालें.

आतां दुसऱ्या खेळाकडे वळूं. "मोगली आणि स्क्रूज भेटले तर?" "शेरखानाला छोटा भीम भारी पडेल का?" असले प्रश्न आमच्या घरांत जेवणाच्या पानावर बसल्यापासून आंचवेपर्यंत चालूं असतात. हा खेळ पोरांचा म्हणावा, तर मोठमोठ्या कंपन्याहि तोच खेळतात. अश्मयुगांतील फ्लिंटस्टोन आणि भविष्यकाळांतील जेटसन या दोन कुटुंबांची भेट १९८७ सालीं एका चित्रपटांत घडविली गेली. १९८८ च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' या चित्रपटांत डिस्नेचा मिकी उंदीर आणि वॉर्नर कंपनीचा बग्ज ससा एकत्र आले, तेव्हां दोघांना पडद्यावर सारखाच वेळ मिळाला पाहिजे, अशी अट होती. लग्नांतल्या दोन व्याह्यांचा मानपान याहून काय वेगळा असतो!

'टेलस्पिन' हीच मुळीं एक विचित्र जोडणी आहे. तींत मोगली नाहीं आणि बघीराहि नाहीं. बल्लू सामानाची ने-आण करणारा आळशी पण कुशल वैमानिक आहे, आणि शेरखान उंची पोषाख करून एका प्रचंड व्यापारी कंपनीचा मालक झाला आहे. म्हणजे आमच्या मुलांनीं त्याच दशकांत, त्याच पडद्यावर, एक शेरखान रानांत डरकाळ्या फोडतांना आणि दुसरा कचेरींत बसून सौदे करतांना पाहिला. पुढें २०१७ ते २०२१ या काळांत 'डकटेल्स' नव्यानें निघाली. 'टेलस्पिन'मधील किट नांवाचा लहानगा सोबती तींत २०२० सालीं प्रौढ होऊन आला, आणि आलाहि तो पोटापाण्याच्या विवंचनेंत असलेला वैमानिक होऊन. ज्यांनीं त्याला लहान पाहिलें होतें, ते प्रेक्षकहि तोंवर त्याच विवंचनेंत होते!

वाचकहो, हा प्रकार आपणांस नवा नाहीं. महाभारताच्या वनपर्वांत द्रौपदीसाठीं सौगंधिक कमळें आणावयास निघालेल्या भीमाला वाटेंत केळीच्या बनांत एक म्हातारें वानर आडवें पडलेलें भेटतें. त्याचें शेपूट भीमाला दोन्ही हातांनींहि हलवत नाहीं. तो हनुमान, रामायणाचा वीर महाभारतांत आलेला, आणि वायुपुत्र म्हणून भीमाचा वडील भाऊ. परशुराम रामालाहि भेटतो आणि भीष्म-कर्णांनाहि. सीतेच्या शोधांत ज्यानें वानरांना धीर दिला, तो वृद्ध जांबवान स्यमंतक मण्यासाठीं श्रीकृष्णाशीं २८ दिवस झुंजतो, अशी भागवतांत कथा आहे. आणि अखेर, समोर आहे तो आपलाच स्वामी, हें त्याला त्या झुंजींतच उमगतें.

या संगमांत आणि पोरांच्या "कोण जिंकेल?" या प्रश्नांत एक मोठा फरक आहे. हनुमान-भीमांच्या भेटींत कोणी जिंकत नाहीं. बळाचा अभिमान असलेल्या धाकट्याला वडील भाऊ भेटतो आणि स्वतःच्या बळाचें माप कळतें. शिवाय कोणाचाहि स्वभाव बदललेला नाहीं: हनुमान तसाच विनयशील, भीम तसाच उतावळा. अकराव्या शतकांतील काश्मीरचा पंडित क्षेमेंद्र यानें औचित्य हा काव्याचा प्राण मानला. आम्ही कथासंगमालाहि तीच कसोटी लावतों. पात्रानें आपला स्वभाव सोडूं नये, आणि ज्या गोष्टीवर त्याची श्रद्धा आहे तिची त्या भेटींत परीक्षा व्हावी. केवळ दोन नांवें एका फळ्यावर लिहिलीं म्हणजे संगम होत नाहीं.

या कसोटीला उतरेल असा प्रश्न आमच्या नातीनें काढला. किपलिंगच्या त्याच पुस्तकांत रिक्कीटिक्की या मुंगुसाची स्वतंत्र गोष्ट आहे. सिगौलीच्या छावणींतील एका बंगल्यांत तें नाग आणि नागीण या दोघांनाहि मारून घरच्या मुलाचा जीव वांचवितें. १९७५ सालीं चक जोन्स यानें त्या गोष्टीचें कार्टूनहि काढलें. पुस्तकांत मोगली आणि हें मुंगूस कधीं भेटत नाहींत. नात म्हणाली, "आजोबा, रिक्कीटिक्की नागिणीच्या मागें लागला आणि मध्यें मोगली उभा राहिला तर? मोगलीनें तर सापांना आपले भाऊबंद म्हटलें आहे."

झालें! सारें घर दोन पक्षांत वांटलें गेलें. नातवाचें म्हणणें, नाग माणसाच्या पोराला चावणार असेल तर मोगलीनें मुंगुसाच्या बाजूलाच राहिलें पाहिजे. नातीचें म्हणणें, दिलेला शब्द सोयीप्रमाणें मोडतां येत नाहीं. सौभाग्यवती म्हणाल्या, "नागपंचमीला आपण त्याची पूजा करतों, म्हणून कोणी त्याला उशाशीं घेऊन निजत नाहीं." सूनबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "बाबा, त्या गोष्टींत मुंगूस नागिणीचीं अंडींहि फोडतें. लहानपणीं मला त्याचें कांहीं वाटलें नव्हतें. पण तीं पिलें अजून कोणाच्या अंगावर आलीं होतीं?" हा प्रश्न इतक्या वर्षांत आमच्या वर्गांत एकाहि विद्यार्थ्यानें विचारला नव्हता. शेवटीं तोड निघाली ती नातवाच्या तोंडून: मोगलीनें नागिणीकडून परवलीच्या शब्दावर शपथ घ्यावी, उरलेलें अंडें तिच्या स्वाधीन करावें, तिनें बाग सोडून रानांत जावें, आणि वेशीपर्यंत मुंगुसानें पहारा करावा. तोड टिकेल कीं नाहीं, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. पण दहा वर्षांच्या मुलानें शब्द आणि सुरक्षितता या दोन्हींचा मेळ घालावयाचा प्रयत्न केला, हें थोडें नव्हे.

मग मुलांनीं आमच्याकडेहि एक संगम मागितला. आम्हीं सांगितला तो असा. मोगली निघून गेला त्या रात्रीं सिवनीच्या रानांत आंधळा बल्लू एकटाच बसला आहे. पाचोळा वाजतो आणि त्याच्याहून कितीतरी म्हातारें एक अस्वल शेजारीं येऊन बसतें. तो जांबवान. समुद्रकांठीं सारे वानर आपापल्या उडीचीं मापें सांगत होते आणि हनुमान मात्र एकीकडे गप्प बसला होता, तेव्हां त्याला त्याच्या सामर्थ्याची आठवण करून दिली ती यानेंच. दोघांचा पेशा एकच.

"शिष्य कोठें गेला?" जांबवान विचारतो.

"माणसांत. मींच जा म्हटलें."

"माझाहि गेला होता. समुद्रापलीकडे. मींच ऊठ म्हटलें."

"मग तुम्हीं काय केलें?"

"काय करणार? मला स्वतःला ती उडी झेपण्याजोगी राहिली नव्हती. कांठावर बसून राहिलों."

"तो परत आला?"

"आला. पण आला तो काम करून आला, माझ्यासाठीं नव्हे. त्याची डरकाळी लांबून ऐकूं आली, तेवढ्यावरून मला कळलें कीं कार्य झालें."

बल्लू बराच वेळ कांहीं बोलत नाहीं. मग म्हणतो, "मीं त्याला सगळे शब्द शिकविले. पक्ष्यांचे, सर्पांचे, सगळ्यांचे. माणसांचा मात्र मला येत नव्हता."

"तो कोणालाच येत नाहीं," जांबवान म्हणतो. "तो त्याचा त्यानेंच शिकावयाचा."

येथें आम्ही थांबलों होतों. नातीला एवढ्यानें समाधान होईना. तिनें आकाशांतून 'टेलस्पिन'चा बल्लू आणला. तो आपलें विमान तळ्यावर उतरवितो, टोपी मागें सारतो आणि दोघां म्हाताऱ्यांना विचारतो, "पलीकडे जावयाचें आहे का कोणाला? भाडें नंतर बघूं." आमच्या औचित्याच्या कसोटीला हा प्रवेश उतरतो कीं नाहीं, याचा आम्हीं क्षणभर विचार केला. त्या बल्लूचा स्वभाव तोच आहे: उधार, उडाणटप्पू, पण अडलेल्याला नाहीं म्हणत नाहीं. तेव्हां आम्हीं तो मान्य केला. हा प्रसंग चिरंजीवांना लिहून पाठवावा असें सौभाग्यवतींनीं सुचविलें, आणि सूनबाईंनीं त्याच रात्रीं तो पाठविलाहि.

आमचें सांगणें एवढेंच आहे. घरांतील कर्तीं माणसें जुनीं कार्टुनें पाहत असतील तर त्यांना हिणवूं नये. लहानपणीं तीं पाहणारें मूल आणि आजचा संसारी माणूस यांची ती गांठ असते, आणि हनुमान-भीमांच्या गांठीला जो नियम तोच येथेंहि आहे: मुलानें पाहिलें तें खोटें ठरवूं नये, आणि मोठ्याला दिसतें तें लपवूं नये. टाळ्याहि खऱ्या होत्या, आणि आतां पाहवत नाहीं हेंहि खरेंच आहे. जमल्यास आपणहि शेजारीं जाऊन बसावें आणि या भागांत पूर्वीं काय आवडत असे व आतां काय दिसतें, तें विचारावें. आपल्याला ठाऊक असलेला एखादा जांबवान, एखादा घटोत्कच त्या गप्पांत आणून सोडावा. पोरें त्याला परका मानीत नाहींत असा आमचा अनुभव आहे.

आमच्या घरीं सध्यां नवा वाद चालूं आहे. स्क्रूजच्या हौदांत स्यमंतक मणि सांपडला, तर तो परत मागावयास कोणीं जावें, कृष्णानें कीं जांबवानानें? आमचें मत अद्याप बनलेलें नाहीं.